राजाचा गळ, कोळ्याची नजर

मासेमारीचा इतिहास म्हटलं की आपण कोकणाकडे बघतो. पण गळाने मासे धरण्यावरचं एक जुनं, तपशीलवार लेखन आपल्या दख्खनच्या पठारावरचं आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात पस्तीसेक जातींचे मासे येतात. कोणता नदीतला, कोणता समुद्रातला, कोणाला काय खाऊ घालायचं, सगळं सांगितलंय. इंग्लंडमधलं आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक आलं १६५३ मध्ये, पाचशे वर्षांनी!

आता प्रश्न असा, की राजाला हे कळलं कुठून? उथळ पाण्यात तळ ढवळला की गढूळ उठतं, बुडबुडे येतात. त्यावरून मासा ओळखायला रोज काठावर उभं राहावं लागतं. ती नजर भोई-कोळ्यांची असणार. राजासाठी जो विनोद, ते त्यांचं पोट होतं. ग्रंथावर नाव मात्र राजाचं.

१९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झालं आणि पैठणची गोदावरी नाथसागर झाली. त्याच्या काठी ही नजर आजही जाळं टाकते. तिचे शब्द आपण आत्ताच लिहून घेतले पाहिजेत. या वेळी सांगणाऱ्याच्या नावासकट.