करंटची कुळकथा

फिजिओथेरपीत कंबरेला किंवा गुडघ्याला पॅड चिकटवून जो करंट देतात, त्याचा मूळपुरुष एक मासा आहे. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इ.स. 47च्या सुमारास लिहिलेल्या औषधग्रंथात गाउटवर उपाय दिला आहे: ठणका उठला की ओल्या समुद्रकिनाऱ्यावर जिवंत टॉर्पिडो मासा पायाखाली घ्यायचा आणि पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर उभे राहायचे. मासा वीज सोडतो हे तेव्हा कुणाला माहीत नव्हते. बधिरपणाने दुखणे थांबते, एवढे माहीत होते.

वीज साठवणारी लेडनची बरणी 1745-46 मध्ये निघाली आणि माशाची गरज संपली. थोड्याच काळात जिनिव्हात ज्यां जालाबेर यांनी एका कुलूप करणाऱ्या कारागिराच्या लुळ्या हातावर ठिणग्यांचे उपचार केले. हात हलू लागल्याची बातमी युरोपभर गेली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या प्रांतांतून लकव्याचे रोगी बेंजामिन फ्रँकलिनकडे येऊ लागले. फ्रँकलिनने 1757च्या पत्रात आपला अनुभव प्रामाणिकपणे नोंदवला. पहिले काही दिवस अवयवांत बळ येते. पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबते. घरी परतल्यावर रोगी पुन्हा पूर्वीच्याच अवस्थेत जातो. मधला फरक कदाचित प्रवासाच्या आणि रोज येण्याच्या व्यायामाने आणि बरे होण्याच्या आशेने पडला असेल, अशीही शंका त्याने मांडली. या कुळकथेतले सर्वांत शहाणे वाक्य मला तेच वाटते.

पुढची पायरी नेमकेपणाची. फॅरेडेने 1831 मध्ये विद्युतप्रवर्तन शोधले आणि त्यावर चालणारी यंत्रे वैद्यांच्या हाती आली. त्याआधी स्नायूत सुया खुपसून वीज सोडत. पॅरिसच्या द्युशेन द बुलोन्य यांनी ओले इलेक्ट्रोड कातडीवर दाबून एकेक स्नायू वेगळा आकुंचित करून दाखवला. 1855 मध्ये त्यांचा ग्रंथ आला. काही ठराविक जागी स्नायू चटकन उसळतात, हे त्यांना दिसले. बर्लिनच्या रॉबर्ट रेमाक यांनी कारण सांगितले: मज्जातंतू स्नायूत शिरतो ती ही जागा. आजही फिजिओथेरपिस्ट हाच ‘मोटर पॉइंट’ शोधून पॅड लावतात.

करंटने वेदना का थांबते, हे कोडे मात्र विसाव्या शतकापर्यंत राहिले. 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी सिद्धांत मांडला की स्पर्शाचे जाड तंतू चेतवले, तर मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशाला अटकाव होतो. 1967 मध्ये वॉल आणि स्वीट यांनी आधी स्वतःच्या, मग रोग्यांच्या मज्जातंतूंवर ते तपासले. त्यातून ‘टेन्स’, म्हणजे कातडीवरून मज्जातंतूंना करंट देऊन वेदना दाबण्याची पद्धत, आली. पॅडखाली मुंग्या येतात त्या याच तंतूंमुळे.

वेदनेपेक्षा हालचालीसाठी केलेली डॉक्टर लिबरसन यांची 1961ची युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते. अर्धांगवायूने लोंबणारे पाऊल उचलण्यासाठी त्यांनी बुटात स्विच बसवला. टाच जमिनीवरून सुटली की पायाच्या मज्जातंतूला करंट मिळे आणि पाऊल वर येई. इथे वीज रोग्याच्या स्वतःच्या चालण्याला जोडली गेली.

करंट दुखणे काही काळ दाबतो, झोपलेल्या स्नायूला जागे करतो. बळ येते ते हालचालीने. म्हणून मशीन निघाल्यावर जो व्यायाम सांगितला जातो, तो घरी नेमाने करा. आणि पेसमेकर बसवलेला असेल, तर पॅड लावण्याआधीच सांगा.