ड्रमसाठी कर्ज

माणसं कशासाठी कर्ज मागतात याचं आश्चर्य वाटेनासं झालं की बँकेतला कारकून नोकरीत खरा कायम झाला असं समजावं. म्हशीचं कर्ज घेऊन मोटारसायकलवर फिरणारे मी पाहिलेत. विहिरीच्या कर्जात पोरीचं लग्न उरकणारे पाहिलेत. लग्नाच्या कर्जातून विहीर खोदणारा मात्र अजून भेटायचाय. इतकं पाहूनही, आमच्या मुदखेडच्या शाखेत एका सोमवारी रेल्वेतल्या एका गँगमनचा पोरगा काउंटरवर येऊन म्हणाला, "सायेब, ड्रम घ्यायचाय, लोन भेटल का?" तेव्हा मी अगदी सरळ मनानं विचारलं, "किती लिटरचा?"

चूक माझी नव्हती. एप्रिल चालू होता, आणि मराठवाड्यात एप्रिलमध्ये ड्रम म्हटल्यावर पाण्याशिवाय दुसरं काही आठवत नाही.

"पाण्याचा न्हाई सायेब, वाजवायचा. चर्चमध्ये."

मुदखेड हे जंक्शन. इथून एक फाटा आदिलाबादला जातो. गाव फुलांसाठी प्रसिद्ध, आणि सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्रही इथंच. त्यामुळे गाडीची शिट्टी, कवायतीची शिट्टी आणि वरातीचा बेंजो या तीन नादांची आम्हाला सवय आहे. चौथा नाद रेल्वेवाल्या चार-दोन ख्रिस्ती कुटुंबांमधून येईल अशी कल्पना नव्हती. मी अर्ज काढला. संगणकात 'उद्देश' या रकान्यात घरदुरुस्ती, शिक्षण, लग्न, औषधोपचार आणि इतर अशी पाच नावं होती. देवाचं काम 'इतर'मध्ये टाकताना जरा चोरट्यासारखं झालं, पण संगणकापुढे कुणाचं चालतं?

दुसऱ्या दिवशी पोराचा आजा आला. रेल्वेचाच पेन्शनर. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येतो, तेव्हा "अजून हाय बरं का" असं म्हणूनच अंगठा लावतो. आता एप्रिलमध्ये आला म्हटल्यावर मी दचकलो. म्हातारा काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "सायेब, त्याला लोन देऊ नका."

"कामून मामा? पोरगा चांगला आहे."

"पोरगा चांगलाच हाय. पण माझ्या आज्यानं हलगी सोडली म्हणून आम्ही साळंत गेलो. पाटलाच्या घरी मयत झालं, हलगी. जत्रा आली, हलगी. दवंडी द्यायची, हलगी. भाकर शिळी आन् वाजवायचं ताजं. देवाच्या घरात आलाव तवा ती चुलीत घातली. आन् ह्यो पोरगा चाळीस हजार देऊन ती परत आणलालाय!"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बी.कॉम. आहे, इतिहासाशी माझा संबंध थकबाकीपुरता. पण त्या आठवड्यात मी हाताला लागेल ते वाचलं आणि चक्रावलोच.

ड्रम चर्चमधला, म्हणजे साहेबांचा, असं मी धरून चाललो होतो. पण साहेबांच्या चर्चमध्येच त्याला शेकडो वर्षं दारात उभं केलेलं नव्हतं. बायबलातल्या दीडशेव्या स्तोत्रात डफ आणि झांजा यांची नावं स्पष्ट आहेत, तरी चर्चच्या जुन्या आचार्यांना वाद्यांत नाटकशाळेचा आणि मूर्तिपूजेचा वास येई. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर बहुतेक ठिकाणी आजही नुसत्या गळ्यानंच गातात. 1903 साली पोप दहावे पायस यांनी हुकूम काढला, त्यात ढोल, झांजा असली गोंगाटी वाद्यं चर्चमध्ये बंद केली. गंमत म्हणजे त्याच हुकमात पियानोही बंद! म्हणजे हलगी आणि पियानो एकाच पायरीवर बसले. इतकी समता आमच्या गावात अजून यायचीय. पुढे 1963 साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं दार किलकिलं केलं आणि ज्या देशात जे संगीत मुरलेलं आहे त्याला मान द्यावा असं ठरवलं.

आणि हा ड्रम मुळात आला कुठून? युरोपच्या फौजांनी मोठा ढोल आणि झांजा उचलल्या तुर्की सुलतानाच्या लष्करी बँडवरून. 'नगारा' हा शब्दही अरबी. तोच आपल्याकडे निजामाच्या देवडीवर पोचला आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातही. झांजांचा तो नावाजलेला झिल्जियन कारखाना 1623 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये निघाला. काढणारा अवेदिस आर्मेनियन ख्रिस्ती आणि गिऱ्हाईक मुसलमान सुलतान! कंपनी आजही चालू आहे, फक्त आता अमेरिकेत. पुढे शिकागोच्या लुडविगनं 1909 साली पायानं मोठा ढोल वाजवायचं पेडल बाजारात आणलं. आधी दोन-तीन माणसं लागत, आता एकच पुरू लागला. म्हणजे कर्मचारीकपात ही काही आमच्या बँकेनं शोधलेली गोष्ट नाही.

पण मला खरा मुद्दा सापडला तो आपल्याच मुलखात. अमेरिकन मिशनचे लोक 1831 पासून तेव्हाच्या अहमदनगरला होते. पुढे तिथं कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी मराठी चालींत भजनं लिहिली. लक्ष्मीबाईही कीर्तन करीत. टाळ-मृदंग मराठी चर्चमध्ये आला तो असा. इतका भक्कम मुद्दा हाती लागल्यावर मी म्हाताऱ्याच्या घरी गेलो आणि व्याख्यान दिलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "टिळकसायेब बामण होते. त्यांनी मृदंग धरला तर लोक 'वा' म्हणले. आम्ही धरला तर वाजवायला बोलावतेत."

मी चहा पिऊन परत आलो.

तोडगा निघाला तो पोराच्या आईनं काढला. ड्रम घ्यायचा, पण तो चर्चच्या फाटकाबाहेर जाणार नाही; वरात नाही, मिरवणूक नाही, कुणी कितीही पैसे देवोत. म्हातारा दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी "बरं" म्हणाला. कर्ज बापाच्या पगारावर मंजूर झालं.

सेट येईपर्यंत पोरगा तेलाच्या रिकाम्या डब्यांवर आणि सौ.च्या भाषेत "लोकांच्या झोपेवर" सराव करीत होता. मीही एकदा बसून पाहिलं. उजव्या हातानं झांज, डाव्यानं छोटा ढोल, उजव्या पायानं मोठा ढोल आणि डाव्या पायानं आणखी एक झांज! माझे चारही अवयव जन्मापासून एकाच आदेशावर चालतात. उजवा पाय हलला की डावा हात आपोआप शिक्का मारायला जातो. पोरगा हसला नाही, हे त्याचे संस्कार. म्हातारा मात्र ओसरीवरून म्हणाला, "डावा हात ढिला सोडा सायेब. आवळला की ताल मरतोय." हलगी चुलीत गेल्यावर जन्मलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

नाताळात मी जाऊन बसलो. पहिल्या गाण्याला ड्रम इतका जोरात की शब्द ऐकूच येईनात, तेव्हा पाळक मंडळींनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या गाण्याला ढोलकीवाल्याशी भांडण झाल्यासारखं वाटलं. तिसऱ्या गाण्याला दोघांचं जमलं आणि बाया टाळ्या वाजवू लागल्या. म्हातारा मागच्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसला होता.

जानेवारीत गावातले एक वजनदार गृहस्थ ठेवीचं नूतनीकरण करायला आले. पोराचं लग्न होतं. "ते चर्चवालं पोरगं तुमचंच गिऱ्हाईक म्हणे. वरातीला पाठवा. पैशाचं बघू."

मी म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुम्हीच जा सायेब. शिकलाव न्हवं?"

मग मी त्या गृहस्थांना सांगितलं की सेट बँकेकडे तारण आहे, हप्ते फिटेपर्यंत हलवता येत नाही, नियम आहे. वैयक्तिक कर्जाला तारण नसतं हे त्यांना माहीत नव्हतं. आमच्या मॅनेजरसाहेबांना होतं, पण ते त्या वेळी फोनवर होते.