सोबत आणि नोंद

सातारा आणि सांगली ह्यांना आपण आज दोन जिल्हे म्हणून ओळखतो. परंतु सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ ह्या नावाने वेगळा झाला आणि १९६० साली त्याला आजचे नाव मिळाले. कृष्णेच्या ह्या सलग मुलखात मन बिघडलेल्या माणसाने कोठे राहावे आणि त्याच्याकडे कोणी पाहावे, हा प्रश्न मात्र जिल्ह्याच्या सीमांहून पुष्कळ जुना आहे.

पूर्वी त्याला दोनच ठिकाणे होती. एक घरचा अंधारा कोपरा, आणि माणूस अनावर झाला तर पायात साखळी. दुसरे क्षेत्र. औदुंबरला किंवा नरसोबाच्या वाडीला ‘बाधा’ झालेल्या माणसाला घेऊन जावे, कृष्णेत स्नान, पादुकांचे दर्शन, प्रदक्षिणा असा क्रम दिवसेंदिवस चालवावा, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. ह्यात औषध नव्हते, आणि मार किंवा उपास ह्यांचे भय पुष्कळदा होते, हे झाकण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट तेथे होती, तिची किंमत आपण कमी लेखतो. रुग्णाबरोबर त्याचे माणूस राहत असे. आई असो, भाऊ असो, त्याच्या शेजारी धर्मशाळेच्या त्याच फरशीवर कोणी तरी निजलेले असे.

इंग्रजी अमलाने ह्याच्या अगदी उलट व्यवस्था आणली. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाले आणि दहा वर्षांनी, १८५८ साली, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने माणूस आत जाई. रत्नागिरीचे इस्पितळ १८८६ सालचे. पुढे येरवडाही झाले. कुंभार्लीचा किंवा आंब्याचा घाट उतरून ज्याला पलीकडे पोचविले, त्याला भेटावयास त्या काळच्या वाहनांनी कोण वारंवार जाणार? सोबत सुटली ती अशी. मग ‘येरवडा’ आणि ‘ठाणे’ ही गावांची नावे आपल्या भाषेत शिवीसारखी वापरली जाऊ लागली, ह्यात नवल नाही.

तरीही ह्या कायद्यात एक चांगली गोष्ट होती. प्रत्येक इस्पितळाला निदान तीन अभ्यागत नेमावेत, त्यांतील काहींनी डॉक्टरसह महिन्यातून एकदा सगळी जागा फिरून पाहावी आणि शेरा लिहावा, असा दंडक होता. तुरुंगांचा तपासनीसही त्या अभ्यागतांत पदसिद्ध असे. सरकार ह्या जागेला काय समजत होते ते त्यावरून कळते! पण नोंद होती. क्षेत्राच्या ठिकाणी कोण आला, कोण गेला, कोण मेला ह्याचे दप्तर ठेवण्याचे बंधन कोणावर नव्हते.

मोठ्या इस्पितळांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येईल. १९४६ सालच्या भोर समितीपुढे आलेला आकडा सुमारे चाळीस कोटी लोकांमागे दहा हजार खाटांचा होता. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९९ साली ३७ इस्पितळांचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील ३८ टक्क्यांची बांधणी तुरुंगासारखीच राहिली होती. ह्यावर उपाय म्हणून लहान निवास, दहावीस माणसांचे घर, ही कल्पना पुढे येते आणि ती मनाला पटते.

ती नवी नाही. इंग्लंडात यॉर्क येथे हॅना मिल्स नावाची क्वेकर बाई १७९० साली तिथल्या इस्पितळात वारली. तिच्या पंथाच्या लोकांना तिला भेटू दिले गेले नव्हते. त्यातून विल्यम ट्यूक ह्यांनी १७९६ साली ‘रिट्रीट’ हे सुमारे तीस जणांचे घर उघडले. साखळ्या नाहीत, बाग आहे, काम आहे, चहाला पाहुणे आहेत. त्यांच्या नातवाने १८१३ साली त्या घराचा सगळा कारभार पुस्तकरूपाने छापला; पुढच्याच वर्षी यॉर्कच्या मोठ्या इस्पितळात लपवून ठेवलेल्या घाणेरड्या कोठड्या उघडकीस आल्या.

आता दुसरे लहान घर पाहा. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याच्या आसऱ्याने खाजगी मनोरुग्णगृहे उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतील एका झावळ्यांच्या छपराला आग लागली. आतली माणसे साखळीने बांधलेली होती. मृतांचा आकडा २८ वर गेला. हे घर यॉर्कच्या घराएवढेच लहान होते, आणि ते देवस्थानाजवळ होते. पण नातेवाईक पैसे देऊन परत गेलेले, आणि तपासावयास येणारे कोणी नाही. क्षेत्रातली सोबत गेली होती आणि इस्पितळातली नोंद आलेली नव्हती. लहान घराचे गुणगान करणाऱ्यांनी यॉर्कबरोबर एरवाडीचेही नाव घ्यावे, असे मला वाटते.

आपल्या भागाने ह्या प्रश्नाला एक मोठा माणूस दिला. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. साताऱ्याची ‘परिवर्तन’ संस्था त्यांनी उभी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधून मारणे हा त्याच्या अनुसूचीतला पहिलाच गुन्हा आहे.

साखळीवर सरसकट बंदी आली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. तो २०१८ साली अमलात आला. त्यातली कलमे वाचताना घरगुती गोष्टींचीच यादी वाचत आहोत असे वाटते. डोके सक्तीने भादरू नये. ज्याला स्वतःचे कपडे हवेत त्याला गणवेश घालू नये. काम सक्तीने करून घेऊ नये, आणि केले तर मोबदला द्यावा. खाजगीपणा असावा, टेलिफोन मिळावा. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला कायम आत ठेवू नये. असे लहान घर चालविणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि तीन वर्षांनी तपासणी आहे. एखाद्या घराची प्रत पाहावयाची तर मी प्रथम ट्रंका पाहीन: प्रत्येकाला स्वतःची पेटी आहे की सगळे कपडे एका ढिगात आहेत?

ह्याच कायद्याने आतल्या माणसाला पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते, आणि त्या अर्जाला फी नाही. मात्र अर्जाला कागद लागतो, आणि तो न वाचता टपालात टाकणारे कोणी तरी घरात असावे लागते.