दोन लिप्यांचा एक कागद

राजपुरी खाडीच्या तोंडाशी जंजिरा आणि आत आगरदांडा. या मुलखात माणसाचे नाव एकाच लिपीत कधी राहिले नाही. १९४८ पर्यंत इथे सिद्दी नवाबांचे संस्थान होते. घरात बोलणे कोकणी, पढणे अरबी, पत्रे उर्दू आणि मराठी व्यवहाराचे जुने कागद मोडीत. पुढे मोडी शाळांतून गेली. पेटीतले कागद राहिले, वाचणारे उरले नाहीत.

संगणक आल्यावर तेच पुन्हा घडू लागले. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नस्तालीक अक्षरांत लाहोरचा ‘जंग’ निघाला आणि कातिबांचा काळ सरत गेला. १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेल्या ‘इनपेज’ने उर्दू जुळणी साध्या संगणकावर आणली. मराठीसाठी पुण्यात सी-डॅकने आणि ‘श्रीलिपी’ने तेच काम केले. हे उपकार मोठे आहेत. पण प्रत्येकाने अक्षरांना आपापले क्रमांक दिले. त्यामुळे मूळ फॉन्ट नसेल तिथे मराठी परिच्छेद इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडतो.

१९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने दर अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. तरीही जुना मजकूर नव्या फाईलमध्ये घेताना गुंता उरतोच. मराठी डावीकडून चालते, उर्दू उजवीकडून. एका ओळीत दोन्ही आल्या की शब्दांची जागा बदलते. अरबी ‘ये’ आणि उर्दू ‘ये’ शब्दाच्या मध्ये हुबेहूब सारखे दिसतात, पण त्यांचे क्रमांक दोन. म्हणून यादीत ‘नईम’ असूनही शोधल्यावर सापडत नाही.

मुलांची एक उर्दू-मराठी यादी अशीच नव्या फाईलमध्ये घेताना माझ्यापुढे जन्मतारखा उलट्या आल्या: साल आधी, दिवस शेवटी. मधल्या रेघेऐवजी तिरकी रेघ दिली तेव्हा त्या सरळ झाल्या. शिक्षकाला ही गंमत वाटू नये. आपल्या समाजात नावाचे एक अक्षर किंवा तारखेचा एक आकडा फिरला, तर बापाची मजुरी बुडते आणि मुलाचा दाखला अडतो.

म्हणून जुन्या फाईली उघडताहेत तोवर युनिकोडमध्ये उतरवाव्यात, छापील प्रत जपावी आणि दोन्ही लिप्या जाणणाऱ्याने ती ओळीला ओळ लावून तपासावी. मोडीच्या वेळी आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी सावध केले नाही. आपल्याला ती सबब उरलेली नाही.