मेहली मेहता यांचे व्हायोलिन आणि मुंबईतील एक निर्वासित ज्यू संगीतकार

आकाशवाणीचे केंद्र सकाळी सुरू होताना तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनची जी छोटीशी सुरावट वाजे, ती आपल्या पिढीतील कोण विसरला असेल? मुंबई असो, ठाणे असो की कोकणातील एखादे गाव, त्या सुरांबरोबर घरातली कामे सुरू होत. आपल्यापैकी अनेकांनी मुंबई सोडून अर्धशतक उलटले, तरी ती चाल कानातून गेलेली नाही. त्या चालीमागे असलेल्या दोन माणसांविषयी आज लिहावे असे आम्हांला वाटते. त्यांतला एक पारशी, तर दुसरा युरोपातून जीव वाचवून आलेला ज्यू.

मेहली मेहता यांचा जन्म मुंबईत २५ सप्टेंबर १९०८ रोजी झाला. त्या काळी हिंदुस्थानात पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन वाजवून पोट भरणे ही कल्पनाही कोणी करीत नसे. व्हायोलिन आपल्याकडे होते, पण ते मांडी घालून, वाद्याचे टोक घोट्यावर टेकवून, रागदारीसाठी वाजवायचे. वाईचे व्ही. जी. जोग हे त्या वादनाचे पुढे मोठे नाव झाले. मेहलींना मात्र बाख, मोझार्ट आणि बीथोव्हेन वाजवायचे होते. त्यासाठी लागणारे गुरू शहरात थोडे आणि श्रोते त्याहून थोडे. तरीही १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वादक मिळवणे हीच मोठी खटपट होती. फुंकवाद्ये वाजवायला नौदलाच्या बँडमधील माणसे येत. तंतुवाद्यांना गोव्याचे वादक असत. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत, त्यामुळे कागद समोर ठेवला की ते लगेच वाजवू शकत. पारशी हौशी मंडळी होती आणि युरोपातून आलेले काही संगीतकारही होते.

त्या युरोपीयांमध्ये वॉल्टर कौफमन होते. त्यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे ते संगीतरचना शिकले आणि पुढे प्रागमधील जर्मन विद्यापीठात संशोधन करू लागले. आपले प्राध्यापक नाझी तरुणांच्या संघटनेत पुढारी आहेत हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरेटची पदवी घेण्याचेच नाकारले. हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मनीत ज्यू संगीतकारांना नाटकगृहे आणि वाद्यवृंद बंद झाले. त्यांच्यासारखे काही अमेरिकेला गेले. जोसेफ रोझेनस्टॉक १९३६ साली जपानला जाऊन टोकियोतील वाद्यवृंदाचे संचालक झाले. कौफमन १९३४ साली मुंबईला आले. बर्लिनच्या दिवसांपासून ओळख असलेले चित्रपट दिग्दर्शक मोहन भवनानी येथे होते, तेवढाच काय तो आधार.

आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी बैठक होई. पियानोवर स्वतः कौफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ व्हेर्गा नावाचे इटालियन गृहस्थ. जुन्या रचना तर तेथे होतच, पण कौफमन यांनी मुंबईत बसून लिहिलेले नवे संगीतही, शाई वाळते न वाळते तोच, तेथे वाजत असे.

ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. व्हायोलिनवादकाचे काम दुहेरी असते. जो रचनाकार दोनशे वर्षांपूर्वी गेला त्याचे संगीत त्याने जिवंत ठेवायचे, आणि जो समोर बसला आहे त्याचे संगीत पहिल्यांदा जगाला ऐकवायचे. पहिल्या कामात मानसन्मान आहे. श्रोत्याला चाल ठाऊक असते. दुसऱ्या कामात टाळ्यांची खात्री नसते. कौफमन हे घरदार आणि देश गमावलेले, नाव नसलेले गृहस्थ होते. त्यांच्या रचना वाजवण्यासाठी मेहलींनी धनुकली उचलली नसती, तर त्या कागदावरच राहिल्या असत्या.

कौफमन यांना आधी हिंदुस्थानी संगीत मुळीच कळत नव्हते. जे आपल्याला परके वाटते ते लाखो लोकांना प्रिय आहे, तेव्हा उणीव आपल्या कानात असणार, असा विचार करून ते शिकायला लागले. १९३७ ते १९४६ ते मुंबई आकाशवाणीवर युरोपीय संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची ती प्रसिद्ध सुरावट साधारणपणे त्यांच्याच नावावर सांगितली जाते, आणि तीतले व्हायोलिन मेहली मेहता यांचे असे मानतात. तिच्यात शिवरंजनी रागाची छाया आहे. भूप रागातील गंधार कोमल केला की शिवरंजनीचे पाच स्वर मिळतात: सा, रे, कोमल ग, प, ध. एवढ्या एका स्वराच्या फरकाने आनंदी भूप करुण होतो. घर सोडून आलेल्या माणसाने हाच राग निवडावा, याचे आम्हांला नवल वाटत नाही.

तो काळ सुखाचा नव्हता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच सरकारने जर्मन पासपोर्टवर आलेल्या पुरुषांना पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवले. हिटलरपासून पळून आलेले ज्यूही त्यांत सापडले आणि चौकशी होऊन सुटेपर्यंत नाझींच्या शेजारी राहिले. त्या दिवसांतही मुंबईत संगीत चालू होते. १९४० साली मेहलींनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढले. ताजमहाल हॉटेलातही ते आपले पथक घेऊन वाजवीत. कला आणि चरितार्थ दोन्ही सांभाळायचे तर दुसरा मार्ग नव्हता.

युद्ध संपताच पत्नी आणि दोन लहान मुलांना मुंबईत ठेवून मेहली न्यूयॉर्कला गेले. पस्तिशी ओलांडलेला, वाद्यवृंदाचा प्रमुख असलेला हा माणूस आयव्हन गॅलेमियन या गुरूंसमोर पुन्हा विद्यार्थी म्हणून उभा राहिला. शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालवलेल्या आम्हांला ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते. १९५२ साली येहुदी मेनुहिन दुष्काळनिधीसाठी कार्यक्रम करायला हिंदुस्थानात आले, तेव्हा मुंबईत त्यांच्या साथीला मेहलींचा वाद्यवृंद होता. १९५५ साली मेहलींनी मुंबई सोडली. मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात आणि नंतर फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये त्यांनी वाजवले. १९६४ साली लॉस एंजेलिसला त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी हा तरुणांचा वाद्यवृंद स्थापला आणि नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत तो चालवला. २००२ साली ते निवर्तले.

त्यांचा थोरला मुलगा झुबिन मेहता. १९३६ साली ब्रोनिस्लाव्ह हुबरमान या व्हायोलिनवादकाने युरोपातील ज्यू वादकांना वाचवून तेल अवीवमध्ये जो वाद्यवृंद उभा केला, त्याच इस्राएल फिलहार्मोनिकचे झुबिन अनेक दशके संचालक होते. १९९४ साली त्यांनी तो मुंबईत नेला. बापाने मुंबईत एका निर्वासित ज्यूला साथ दिली आणि मुलाने निर्वासितांच्या वाद्यवृंदाला आयुष्य दिले. हा योगायोग असेल, पण फार सुंदर आहे.

आणि कौफमन? ते १९४६ साली भारत सोडून आधी इंग्लंडला आणि पुढे कॅनडाला गेले. विनिपेगच्या वाद्यवृंदाचे ते संचालक झाले, नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९६८ साली निघाला. १९८४ साली ते वारले, तेव्हा मुंबईत लिहिलेल्या त्यांच्या रचना कोणी वाजवीत नव्हते. २०२० साली टोरोंटोच्या एआरसी आँसाम्बल या पथकाने त्यांतील काही ध्वनिमुद्रित केल्या. आपल्या नातवंडांना सांगावे, ती दोन मिनिटांत काढून देतील.

आपल्या समाजापाशी कीर्तने आहेत, पेटी आहे, गाणी आहेत. ती आपण जपतो. पण मुंबईत आश्रयाला आलेल्या आपल्या धर्मबंधूंची त्या वेळची आठवण मात्र विरत चालली आहे. लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना येथील आपल्या घरांत जुन्या ट्रंका अजून आहेत. कोणाच्या वडिलांनी रेडिओ केंद्रात नोकरी केली असेल, कोणाच्या आईने निर्वासित शेजारणीला घरात जागा दिली असेल. एखादे कार्यक्रमपत्र, छायाचित्र, पत्र सापडले तर टाकून देऊ नये. मागे नाव, साल आणि गाव लिहून ते मुलांच्या हाती द्यावे.