सचिनला मिळालेली फेरारी आठवते? त्याच मॉडेलच्या गिअरचा ‘मेंदू’ लोक आता का बदलतायत?

२००२ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर मायकेल शूमाकरने सचिन तेंडुलकरच्या हातात एका लाल फेरारीची चावी ठेवली. सचिनने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली होती, त्यासाठी फियाटकडून ही भेट होती. पुढे त्या गाडीच्या आयात शुल्कावरून बराच गदारोळ झाला, ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली, तो सगळा इतिहास अनेकांना पाठ आहे.

ते मॉडेल होतं फेरारी ३६० मोडेना. १९९९ मध्ये आलेली, ३.६ लिटरचं व्ही८ इंजिन आणि ४०० हॉर्सपॉवरची गाडी. आज या गाड्या वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्यात. जगभर त्या सेकंड हँड विकल्या जातात आणि घेणाऱ्यासमोर एक प्रश्न हमखास येतो. गाडीचा टीसीयू जुना आहे की बदललेला?

टीसीयू म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल युनिट, गिअर कधी आणि कसा पडणार हे ठरवणारा छोटा कॉम्प्युटर. दिसायला साधा डबा. पण या गाडीची क्लच प्लेट किती टिकणार, हे बऱ्याच अंशी या डब्यावर ठरतं.

क्लचचं पेडल नाही, पण क्लच आहे

३६० मोडेना दोन प्रकारांत मिळायची. एकात नेहमीसारखा हाताने टाकायचा गिअर. दुसऱ्यात, म्हणजे ‘एफ१’ प्रकारात, स्टिअरिंगच्या मागे दोन पॅडल. उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा, दोन्ही एकदम ओढली की न्यूट्रल.

ही कल्पना खरोखरच रेसिंगमधून आली. १९८९ मध्ये जॉन बर्नार्ड यांनी डिझाइन केलेली फेरारी ६४० ही फॉर्म्युला वन कार पॅडलवाला गिअरबॉक्स घेऊन उतरली. सरावात तो इतका बिघडत होता की ती शर्यत पूर्ण करेल यावर कुणाचाच भरवसा नव्हता. नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधली पहिलीच शर्यत जिंकली! १९९७ मध्ये एफ३५५ मधून हे तंत्र रस्त्यावरच्या फेरारीत आलं आणि तिथून ३६० मध्ये.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा ‘ऑटोमॅटिक’ गिअरबॉक्स नाही. आतमध्ये मॅन्युअलसारखेच सहा गिअर आणि साधा कोरडा क्लच आहे. फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम हायड्रॉलिक यंत्रणा करते. एक इलेक्ट्रिक पंप तेलाला दाब देतो, अ‍ॅक्युम्युलेटर तो दाब साठवतो, व्हॉल्व्ह उघडतात आणि क्लच दाबला जातो. कुठला व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचा, हे टीसीयू सांगतो. त्याच वेळी तो इंजिनच्या कॉम्प्युटरलाही निरोप देतो. वरचा गिअर टाकताना ताकद क्षणभर कमी कर, खालचा टाकताना थोडा रेस दे.

ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये आणलेलं एएमटी याच तत्त्वावर चालतं. गंमत म्हणजे दोन्हीकडची यंत्रणा पुरवणारी कंपनीही एकच, इटलीची मॅग्नेटी मारेली. गिअर बदलताना सेलेरिओत मान जशी पुढे-मागे होते, तशीच ती जुन्या फेरारीतही होते. फेरारीत फक्त आवाज भारी येतो.

मग जुन्या टीसीयूचं दुखणं काय?

मॅन्युअल गाडीत घाट चढताना पुढचा ट्रक थांबला की आपण हाफ क्लचवर गाडी धरतो. क्लच नेमका कुठे ‘पकडतो’ ते पायाला कळतं. फार वेळ धरला तर जळका वास येतो आणि आपण पाय काढतो.

टीसीयूला वास येत नाही. त्याला क्लचची जागा सांगणारा सेन्सर आणि साठवलेले काही आकडे, एवढ्यावरच काम करावं लागतं. सुरुवातीच्या ३६० मधलं सॉफ्टवेअर गाडी हळू हलवताना क्लच जरा जास्तच घासू द्यायचं. पार्किंगमध्ये इंच इंच पुढे सरकणं, चढावर रिव्हर्स घेणं, सिग्नलच्या रांगेत रांगणं, या तीन गोष्टी क्लचच्या मुळावर येतात. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांमध्ये क्लचच्या आयुष्यात प्रचंड फरक दिसतो. मोकळ्या रस्त्यावर चालवलेली गाडी मजेत असते, शहरात अडकलेलीचा क्लच लवकर संपतो. आणि फेरारीचा क्लच बदलणं म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजमधलं काम नव्हे.

फेरारीने नंतरच्या गाड्यांमध्ये सुधारित टीसीयू दिला. तो क्लच अधिक ठामपणे जोडतो, घासणं कमी होतं. मग जुन्या गाड्यांचे मालकही नवा डबा बसवून घेऊ लागले. काही जण आणखी एक पाऊल पुढे गेले आणि त्यांनी थेट चॅलेंज स्ट्राडालेचा टीसीयू शोधला. स्ट्राडाले म्हणजे ३६० चीच २००३ मध्ये आलेली हलकी, ट्रॅककडे झुकणारी आवृत्ती. तिचा गिअर १५० मिलिसेकंदांत बदलतो, असा कंपनीचा दावा होता.

पण स्ट्राडालेचा डबा सगळ्यांसाठी नाही. त्या गाडीत ऑटो मोडच नव्हता, त्याजागी रेस मोड आणि लाँच कंट्रोल होतं. लाँच कंट्रोल वापरणं म्हणजे क्लचचं आयुष्य हौसेने जाळणं. ज्याला क्लच वाचवायचाय, त्याला सुधारित ३६० चा टीसीयू जास्त शहाणपणाचा.

डबा बदलला, काम झालं?

इथेच बहुतेक जण फसतात. नव्या टीसीयूला ही गाडी ओळखीची नसते. क्लच कुठे पकडायला लागतो, त्या बिंदूला ‘पॉइंट ऑफ इनिशियल स्लिप’ म्हणतात. तो प्रत्येक गाडीत वेगळा असतो आणि प्लेट झिजेल तसा सरकतो. डबा बदलल्यावर फेरारीशी जुळणारं डायग्नोस्टिक यंत्र लावून हा बिंदू नव्याने ठरवावा लागतो, गिअरच्या जागाही टीसीयूला पुन्हा शिकवाव्या लागतात.

हे न करता गाडी चालवली तर सुधारित डबाही क्लच जाळतो. दुसऱ्या गाडीतून काढलेला वापरलेला टीसीयू असेल तर तो त्या जुन्या गाडीच्या आठवणी घेऊन येतो. क्लच किती टक्के झिजलाय हा आकडाही मग विश्वासाचा राहत नाही. आणि विकणारा नेमका तोच आकडा दाखवून भाव वाढवू शकतो. म्हणून गाडी घेताना नुसता टक्का पाहून चालत नाही. टीसीयू कधी बदलला आणि त्यानंतर सेटिंग कुणी केलं, याचा कागद मागायला हवा.

दुसरी गोष्ट पंपाची. ३६० एफ१ चा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडला की मागून पंपाची घरघर ऐकू येते, ते बिघाडाचं लक्षण नाही, यंत्रणा दाब तयार करत असते. मात्र गाडी सुरू असताना पंप सारखा सारखा चालू होत असेल तर अ‍ॅक्युम्युलेटर थकलाय. तो तसाच ठेवला तर पंप जास्त राबतो आणि शेवटी जळतो. झटके, गिअर न पडणं, मध्येच न्यूट्रल होणं, यांचं मूळ अनेकदा इथे किंवा सेन्सरमध्ये असतं. टीसीयूवर खर्च करून हे दुखणं जात नाही. आधी तेल, दाब, सेन्सर आणि क्लच तपासायचे, मग डब्याकडे वळायचं, हाच क्रम बरोबर.

पुढे विकताना?

जुन्या फेरारीच्या बाजारात मूळ भागांना किंमत असते. त्यामुळे जाणकार मालक काढलेला टीसीयू फेकत नाहीत, गाडीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवतात. गाडीसोबत पुढच्या मालकाला तोही मिळतो.

गेल्या काही वर्षांत वारं मात्र उलटं फिरलंय. एकेकाळी लोकांनी जास्त पैसे मोजून एफ१ गिअरबॉक्स घेतला होता. आता क्लच पेडल आणि चकचकीत धातूच्या खाचांमधून फिरणारा गिअर लिव्हर असलेल्या ३६० ला जास्त भाव मिळतो. परदेशात तर काही मालक पॅडल, पंप आणि टीसीयू सगळंच काढून गाडी मॅन्युअल करून घेतायत.