हेडफोनच्या जॅकला जोडलेला स्पीकर : खासगी श्रवणाच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

यंत्रांचा इतिहास बहुधा त्यांच्या निर्मात्यांच्या बाजूने लिहिला जातो. एखादे यंत्र कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने घडविले हे सांगितले, की इतिहासकाराचे काम संपले, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात तिला आव्हान देऊन, तंत्रविद्येचा इतिहास शोधांच्या नव्हे तर वापराच्या अंगाने लिहावयास हवा, असे प्रतिपादन केले. प्रस्तुत टिपणात हा दृष्टिकोन एका क्षुल्लक भासणाऱ्या कृतीला लावून पाहावयाचा आहे. ती कृती म्हणजे खिशातील संगीतयंत्राच्या हेडफोन-जॅकमध्ये हेडफोनऐवजी लहान स्पीकर जोडणे. जे यंत्र एकट्याच्या कानासाठी म्हणून घडविले गेले, तेच श्रोत्यांनी पुन्हा चारचौघांत आणले, हे या कृतीचे ऐतिहासिक मर्म होय.

प्रथम जॅकची वंशावळ पाहणे इष्ट ठरेल. इ. स. १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन-केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांतील स्विचबोर्डांवर, पिन एका छिद्रातून काढून दुसऱ्यात घालताच दोन अपरिचित माणसे परस्परांशी बोलू लागत. आज ध्वनियंत्रांत दिसणारी पाव इंच जाडीची पिन ही या स्विचबोर्डाचीच देणगी असून साडेतीन मिलिमीटरची पिन हे तिचेच लहान रूप आहे. म्हणजे जॅक हे मूळचे माणसे जोडण्याचे साधन होते. एकट्याने ऐकण्याचे नव्हे.

एकट्याने ऐकण्याची सक्ती प्रथम केली ती नभोवाणीच्या आरंभकाळातील क्रिस्टल-संचांनी. या संचांना स्वतःची विद्युत्‌शक्ती नसे. आकाशतारेने पकडलेल्या लहरींतील अत्यल्प ऊर्जेवर ते चालत, आणि तेवढ्याने हेडफोनच काय तो वाजू शके. तथापि १९२० नंतरच्या दशकात अनेक कुटुंबांनी यावर तोड काढली. हेडफोन वाडग्यात ठेवला की वाडग्याच्या भिंतींवरून परावर्तित होणारा आवाज भोवती बसलेल्या मंडळींना पुसटसा ऐकू येई. पुढे निर्वात नळ्यांच्या वर्धकाने आवाज मोठा करता येऊ लागला आणि वाडग्याची जागा स्पीकरने घेतली. आधी उसन्या ऊर्जेवर केलेली तडजोड व मागाहून स्वतंत्र ऊर्जेचा आधार, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

१९५४ मध्ये अमेरिकेत ‘रीजन्सी टीआर-१’ हा बाजारात आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आला. त्याची किंमत ४९.९५ डॉलर होती. त्यात स्पीकर अंगभूत होता. इअरफोन मात्र वेगळे पैसे देऊन घ्यावा लागे. अशा रेडिओंच्या जॅकमध्ये सामान्यतः एक लहानशी कळ असे. पिन आत जाताच स्पीकरचा प्रवाह तुटे. स्पीकर हा नियम आणि इअरफोन हा अपवाद, अशी तेव्हाची व्यवस्था होती.

ही व्यवस्था उलटी केली ती १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या सोनीच्या वॉकमनने. ‘प्रेसमन’ नामक छोट्या ध्वनिमुद्रकातील मुद्रणाची यंत्रणा व स्पीकर ही दोन्ही काढून टाकून तो सिद्ध करण्यात आला होता. मात्र याच पहिल्या नमुन्यावर हेडफोनचे दोन जॅक होते, आणि दोघा श्रोत्यांना हेडफोन न काढता बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटणही होते. एकट्याने ऐकणे असभ्यपणाचे दिसेल अशी शंका आल्याने दुसऱ्या जॅकची सोय करविली, परंतु ग्राहक हे यंत्र नितांत व्यक्तिगत मानू लागले, असे अकिओ मोरिता यांनी ‘मेड इन जपान’ (१९८६) या आत्मकथनात नमूद केले आहे. पुढे दुसरा जॅक नाहीसा झाला. शुहेइ होसोकावा यांच्या ‘द वॉकमन इफेक्ट’ (१९८४) या निबंधापासून अभ्यासकांचे लक्षही प्रायः शहरातून एकट्याने ऐकत हिंडणाऱ्या श्रोत्यावरच खिळले.

परंतु राहिलेल्या एका जॅकचे श्रोत्यांनी काय केले? अनेकांनी त्यात लहान स्पीकर जोडले. येथे विद्युत्‌शास्त्राने अडथळा आणला. कानाशी टेकलेल्या हेडफोनला एक मिलिवॉट शक्तीही पुरून उरते. स्पीकरला मात्र खोलीतील सारी हवा हालवावी लागते. एक वॉट शक्तीवर एक मीटर अंतरावर ८५ डेसिबल आवाज देणारा स्पीकर घेतला आणि जॅकमधून त्यास २० मिलिवॉट मिळाले असे धरले, तर आवाज ६८ डेसिबलपर्यंत उतरतो. शांत खोलीत तो ऐकू येतो. चार माणसे बोलू लागली की बुडून जातो. शिवाय हेडफोनचा विद्युत्‌रोध ३२ ओहमांच्या आसपास, तर स्पीकरचा ४ किंवा ८ ओहम असतो. यंत्राच्या निर्गमावर २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असल्यास ३२ ओहमांच्या भारावर सुमारे २३ हर्ट्‌झपर्यंतचे खर्ज स्वर पार होतात. ८ ओहमांवर ही मर्यादा सुमारे ९० हर्ट्‌झवर चढते. म्हणजे आवाज क्षीण होतो आणि खर्जही हरपतो. जुन्या रेडिओचा एकमार्गी स्पीकर जोडल्यास आणखी एक विघ्न येई : त्याच्या पिनेवर उजव्या मार्गासाठी वेगळे कडे नसल्याने तो मार्ग थेट भूमितारेशी जुळून बंद पडे.

यावरचा उपाय म्हणजे स्वतःचा वर्धक व स्वतःची बॅटरी असलेला स्पीकर. तो जॅकमधून शक्ती घेत नाही, केवळ संकेत घेतो. त्याचा आगमरोध हजारो ओहमांचा असल्याने संगीतयंत्रावर भार जवळजवळ पडतच नाही. विजेविना वाजणाऱ्या लहान स्पीकरकडून बॅटरीवरच्या स्पीकरकडे झालेली ही वाटचाल म्हणजे वाडग्याकडून वर्धकाकडे झालेल्या पूर्वीच्या वाटचालीचीच पुनरावृत्ती होय. रिकाम्या भांड्यात मोबाइल फोन ठेवून गाणी ऐकण्याचा प्रकार आपल्याकडेही अपरिचित नाही. तो याच मालिकेतला.

निर्मात्यांना व शासनांना मात्र या छिद्रापलीकडे दीर्घकाळ कानच दिसत होता. १९९६ मध्ये फ्रान्सने खिशातील संगीतयंत्रांच्या आवाजावर १०० डेसिबलची मर्यादा घातली, ती श्रवणेंद्रियाच्या रक्षणासाठी, आणि ती योग्यच होती. २००१ मध्ये आलेल्या आयपॉडचाही निर्गम हेडफोनसाठीच होता. २००३ च्या आयपॉडला तळाशी जोडणीची नवी सोय मिळाली आणि तिच्यावाटे स्पीकर व वर्धक यांना योग्य असा स्वतंत्र संकेत घेता येऊ लागला. श्रोत्यांनी आधीच रूढ केलेल्या वापरास निर्मात्याने दिलेली ही मान्यताच म्हणावयास हवी. २०१६ च्या आयफोन ७ मधून हेडफोन-जॅकच वगळण्यात आला. छिद्र गेले, तरी बिनतारी स्पीकर राहिला.

या वृत्तांतावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित, परंतु महत्त्वाचा आहे. हेडफोनने माणूस एकाकी झाला, हे विधान यंत्राच्या रचनेवरून काढलेले आहे. त्याच्या वापरावरून नव्हे. एकांतश्रवण खरे होते, आणि ते मोडण्याची धडपडही तितकीच खरी होती. पहिलीचा पुरावा जाहिरातींत व पेटंटांत सुरक्षित राहिला. दुसरीचा पुरावा अडगळीत पडलेल्या तारा, बारीक पिना व प्लॅस्टिकचे लहान स्पीकर यांत आहे, आणि तो झपाट्याने नष्ट होत आहे. श्रवणाचा सामाजिक इतिहास लिहू इच्छिणाऱ्यांनी कागदांइतकेच या वस्तूंनाही साधन मानले पाहिजे. अन्यथा निर्मात्यांचा हेतू हाच श्रोत्यांचा इतिहास म्हणून पुढील पिढीच्या हाती पडेल.